उजवीकडून येणाऱ्याला आधी

गेल्या महिन्यात दादाने घरच्या ग्रुपवर एक ई-चालान टाकलं. फोटोत माझा पुतण्या पाठमोरा दिसतो. पाठीवर ट्यूशनची बॅग, मागे मित्र डबलसीट, आणि हेल्मेट डाव्या कोपरात अडकवलेलं. मग दिवसभर ग्रुप पेटला. मामा म्हणाले, ही वसुली आहे, आधी रस्ते नीट करा म्हणावं. आत्याने लिहिलं, हायवेवर ठीक आहे, गावात कशाला पाहिजे हेल्मेट? दादाचं म्हणणं, पोट्टा काही पळून नव्हता चालला, थांबवून समजावून सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? मी दोन ओळी लिहिल्या आणि ठरलेलं उत्तर आलं : "तुझ्या जर्मनीत ठीक आहे बाबू, इथं नागपुरात चालवून दाखव."

नागपुरात मी बारा वर्षं गाडी चालवली आहे, कॉलेजात असताना सीताबर्डीवर आणि नोकरीला लागल्यावर रोज हिंगण्यापर्यंत. आता नऊ वर्षं स्टुटगार्टला चालवतो आहे. त्यामुळे दोन्हीकडचं थोडं बोलायचा मला हक्क आहे असं मी धरून चालतो. एवढ्या मेसेजांत एक गोष्ट कोणीच काढली नाही. पुतण्या साडेसोळा वर्षांचा आहे.

मी फोन केला तर वहिनी म्हणाल्या, "सोळा झाले की बिनगिअरची चालते ना भाऊजी. लायसन काढलं ना त्याचं." हा समज एकट्या वहिनींचा नाही. सकाळी सहाला लक्ष्मीनगरात किंवा धरमपेठेत कुठल्याही ट्यूशनसमोर उभे राहा, गाड्यांची रांग बघून कळेल किती घरांचा आहे तो. वयासाठी कायद्यात मात्र गिअरचा प्रश्नच नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ४ प्रमाणे सोळाव्या वर्षी चालवता येते ती ५० सीसीपर्यंतची दुचाकी. आज शोरूममध्ये ज्या पेट्रोलच्या स्कूटर उभ्या असतात त्या शंभर-सव्वाशे सीसीच्या. म्हणजे पुतण्याच्या हातात लायसन आहे आणि बुडाखाली जी गाडी आहे ती त्या लायसनवर चालतच नाही. २०१९ च्या दुरुस्तीत आलेलं कलम १९९अ तर थेट पालकावर आणि गाडीच्या मालकावर येतं : तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन नाही. हे सगळं वाचून दाखवल्यावर दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हे कोणी सांगितलंच नाही बे आम्हाला."

त्याचं म्हणणं खरं आहे आणि मला जे सांगायचं आहे तेही हेच. आपल्याकडे वाद चालतो दंडावर, कॅमेऱ्यांवर, पोलिसांवर. नियम काय आहे, इथपर्यंत वाद पोचतच नाही.

हे मला कळलं तेही परदेशात, आणि फार वाईट तऱ्हेने. आपलं लायसन जर्मनीत राहायला लागल्यापासून सहा महिने चालतं, पुढे लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. माझ्या पहिल्या प्रत्यक्ष परीक्षेत मी ताशी तीस किलोमीटर मर्यादेच्या एका झोनमध्ये होतो. शांत वस्ती, सिग्नल नाही, पाटी नाही, दोन सारखे रस्ते एकमेकांना छेदतात. मी पंचवीसच्या वेगाने सरळ पुढे गेलो. उजवीकडच्या रस्त्यावरून एक बाई गाडी घेऊन येत होत्या, त्यांनी ब्रेक मारला. मागे बसलेल्या परीक्षकांनी शांतपणे गाडी बाजूला घ्यायला सांगितली. परीक्षा तिथेच संपली. जिथे पाटी नाही तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा तिथला अगदी प्राथमिक नियम.

घरी येऊन मी चिडलो होतो. आमच्याकडे असं काही नाही, मला कसं कळणार? म्हणून आपली नियमावली उघडली. तर तोच नियम आपल्याकडे १९८९ च्या नियमावलीत होता आणि २०१७ च्या नव्या ड्रायव्हिंग नियमावलीतही आहे. मुख्य रस्त्यावर शिरताना त्या रस्त्यावरच्या गाड्यांना वाट द्या, इतर चौकांत उजवीकडून येणाऱ्याला. त्यामागे साधं कारण आहे. आपण डावीकडून चालतो, म्हणून चौकात शिरलो की पहिली गाठ उजवीकडून येणाऱ्याशीच पडते. मानेवाडा, प्रतापनगर, बेसा, जिथे पाहाल तिथे ले-आउट, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्त्या, आणि प्रत्येक ले-आउटमध्ये शंभर पावलांवर असा एक बिनसिग्नलचा चौक. बारा वर्षं मी त्या चौकांतून हॉर्न वाजवत गेलो. जो जोरात वाजवेल तो आधी, हाच नियम आहे असं मला मनापासून वाटत होतं.

असे समज मोजायला बसलं तर बरेच निघतात. पिवळा दिवा म्हणजे दाबा, असं आपण धरतो. पिवळा म्हणजे थांबा. थांबरेषेच्या इतके जवळ आलो असू की ब्रेक मारणंच धोक्याचं, तेवढी एकच सवलत. डावीकडे वळायला लाल दिवा लागू नाही, हेही सरसकट खोटं. तिथे तशी पाटी किंवा बाण असेल तरच. समोरच्याने अपर मारला, म्हणजे हेडलाइट चमकवला, की आपण समजतो तो म्हणतोय "थांब, मी येऊन राहिलो". स्टुटगार्टच्या अरुंद गल्लीत अपर मारणाऱ्याचा अर्थ बहुतेक वेळा "तुम्ही आधी या" असा असतो. एकाच खुणेचे दोन उलटे अर्थ, म्हणून ती खूण धरून गाडी घालूच नये. आणि हेल्मेट. कलम १२९ गाव आणि हायवे असा फरक करत नाही, पुढचा आणि मागचा असाही नाही. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला ते लागू आहे, आणि पट्टा आवळून बांधलेलं असेल तरच ते हेल्मेट धरलं जातं. पुतण्याच्या हेल्मेटचं बक्कल तुटलेलं आहे, हे त्यानेच नंतर सांगितलं. धडकेत असं हेल्मेट डोकं जमिनीवर आपटायच्या आधीच निघून जाऊ शकतं.

"जर्मन माणसाचा स्वभावच तसा आहे", हे मामांचं वाक्य मात्र मला मान्य नाही. १९७० साली एकट्या पश्चिम जर्मनीत रस्त्यावर १९ हजारांहून जास्त माणसं मेली. १९७६ मध्ये पुढच्या सीटवर पट्टा सक्तीचा झाला, पण दंड नव्हता, आणि बरेच लोक बांधत नव्हते. आमच्या स्वातंत्र्यावर घाला आहे, गाडी पेटली तर अडकून मरू, हे सगळे वाद तिथेही झाले. ऑगस्ट १९८४ पासून ४० मार्क दंड सुरू झाला आणि पट्टा बांधणाऱ्यांचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर गेलं. तेव्हा कुठे स्वभाव बदलला. २०२२ मध्ये अख्ख्या जर्मनीत २,७८८ जण गेले. त्याच वर्षी भारतात १,६८,४९१. लोकसंख्येच्या हिशेबाने पाहिलं तरी साडेतीन पट. भारतातल्या त्या मृतांपैकी ५० हजारांवर लोक हेल्मेट न घातलेले होते.

म्हणून चालानाला सरसकट वसुली म्हणणं मला पटत नाही. पण मामांची अर्धी बाजू मी घेतो. थांबरेषा पुसून गेलेली असेल तर माणसाने थांबायचं कुठे? सिमेंटचे रस्ते झाले, पण कडेला जी पायरी राहते तिथे रात्री दुचाकी घसरते. जर्मनीत माझी परीक्षा ज्या कडकपणाने घेतली गेली त्याच कडकपणाने तिथला रस्ताही आखलेला होता. शिकवण्याचं कामही तसंच. तिथे नव्याने लायसन घेणाऱ्याला चौदा दुहेरी तासिका बसावं लागतं, प्रथमोपचाराचा वर्ग करावा लागतो. आपल्याकडे ड्रायव्हिंग शिकणं म्हणजे क्लच आणि आठ काढणं. चौकात कोण आधी, हे मला कोणी शिकवलं नाही, दादाला नाही, त्याच्या पोराला तर नाहीच.

प्रथमोपचारावरून आठवलं. वर्धा रोडवर कॉलेजच्या दिवसांत एक मुलगा पडलेला पाहिला होता. आम्ही वीस-पंचवीस जण गोल करून उभे, आणि मागून आवाज, "हात नको लावू, पोलीस केस होते." आज मोटार वाहन कायद्याचं कलम १३४अ आणि त्याखालचे नियम सांगतात की चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, आणि नाव सांगायची त्याच्यावर सक्तीही नाही. हे नागपुरातल्या प्रत्येक पानठेल्यावर लिहून लावावं असं मला वाटतं.

दादाने गाडीची चावी काढून घेतली. पोरगा चार दिवस रुसला, आता सायकलवर जातो. परवा त्याचा फोन आला. घरामागच्या ले-आउटच्या चौकात तो उजवीकडून येणाऱ्या एका आजोबांसाठी थांबला. आजोबा स्कूटरवर होते, तेही थांबले, त्यांना काही कळेना. शेवटी त्यांनी हाताने "जा रे बाप्पा" केलं.

"काका, मग मी गेलो. बरोबर ना?"

"त्यांनी स्वतः वाट दिली, म्हणजे बरोबर," मी म्हटलं. "त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं होतंस ना?"

"हो. ते हसत होते."