चौथी सीट

परवा सकाळी डोंबिवलीहून सुटलेल्या लोकलच्या लेडीज डब्यात मी तिघींच्या बाकावरच्या कडेच्या चौथ्या सीटवर अर्धी टेकून बसले असताना शेजारी उभ्या असलेल्या चश्मेवाल्या काकूंनी, साऱ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात मला सांगितले, "ताई, हलू नका, तुमच्या वेणीवर एक चालतेय."

"कोंडा असेल हो," तिसरी सीट दयाबुद्धीने म्हणाली.

"कोंडा झटकला की पडतो," असे म्हणून काकूंनी माझ्या कानामागची बट चिमटीत धरली आणि तिला प्रात्यक्षिकच दाखवले. "ही बघा लीख. नखाने ओढा. सरकतेय? डिंकाने चिकटवल्यासारखी असते. आणि अगदी मुळाशी आहे, म्हणजे ताजी."

त्यांचे शास्त्र बिनचूक होते, याचाच मला अधिक राग आला. केस महिन्याला साधारण 1 सेंटीमीटर वाढतो, त्यामुळे टोकाकडची लीख म्हणजे बहुधा रिकामे टरफल आणि टाळूलगतची जिवंत, हे खरे. परंतु माझ्या डोक्याचा हा पंचनामा ठाणे येण्याआधी पुरा व्हावा, अशी काही निकड नव्हती. तिसरी सीट उठून दारात जाऊन उभी राहिली. 11 वर्षांच्या प्रवासात मला प्रथमच ऐसपैस बसता आले.

खिडकीकडून सीताफळाच्या बियांची पूड सुचवली गेली. ती डोळ्यांत गेल्यास बुबुळाला इजा होते, असे मी म्हणताच "आमच्या आजीने जन्मभर लावली" असे उत्तर आले. तेवढ्यात क्लिपा विकणारी आली आणि तिने कानातल्यांचा पुठ्ठा आवरून बारीक दातांची फणी पुढे केली. "30 रुपये, ताई. घरात किती जणं?"

मी 2 घेतल्या.

हा प्रसाद लेकीच्या शाळेतला. शाळेने मात्र "पाल्याच्या स्वच्छतेकडे लक्ष द्यावे" असे कळवले आहे. उवेला ना उडता येते ना उडी मारता. डोक्याला डोके लागले की ती चालत पलीकडे जाते, आणि न्हालेले डोके तिला वर्ज्य नसते. एका बाकावर 3 मुली कोंबणाऱ्यांनी आम्हाला स्वच्छता शिकवावी!

परमेथ्रिनचे औषध त्याच रात्री दोघींनी लावले. त्याने लिखा सगळ्या मरत नाहीत आणि त्या 7 ते 10 दिवसांत फुटतात, म्हणून नवव्या दिवशी ते पुन्हा लावायचे आहे. काल ओले केस विंचरताना पांढऱ्या कागदावर 2 पडल्या. नववा दिवस उजाडेपर्यंत मी दुसऱ्या लेडीज डब्यातून जाणार आहे, उभीच.