‘साठीनंतर खर्च निम्मा’ : फिरणाऱ्या तक्त्यात काय धरलेलं नाही

दर थोड्या दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक तक्ता येतो : निवृत्तीनंतर पगाराच्या निम्म्यात घर आरामात चालतं. कारणं चार. मुलांची फी आणि घराचा हप्ता संपला, ऑफिसचं जाणं-येणं थांबलं, म्हातारी माणसं खाऊन खाऊन किती खाणार, आणि आजारपणाला मेडिक्लेम आहेच.

फी आणि हप्ता संपतो, हे खरंच. पण इथे पगार आणि खर्च यांची गल्लत आहे. एक लाख पगारातून पीएफ, कर, हप्ता आणि फी वजा झाल्यावर किराणा, वीज, औषधं, कामवाली यांना 45 हजार उरत असतील, तर घर आधीपासूनच निम्म्याहून कमीत चालत होतं. ते 45 हजार साठीनंतरही लागतातच. आणि 6 टक्के महागाईने 12 वर्षांत त्यांचे 90 होतात. व्याज मात्र असं वाढत नाही : ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 8.2 टक्क्यांनी ठेवलेल्या 30 लाखांवर दर तिमाहीला 61,500 रुपये येतात. मुदतीत हा आकडा हलत नाही.

प्रवासाचं कारण अर्धवट खरं. लोकलचा पास हा घरातल्या सर्वांत स्वस्त गोष्टींपैकी एक होता. तो बंद होतो आणि दवाखान्याची रिक्षा सुरू होते. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 पासून बंद आहे. एसटीत 75 पूर्ण झालेल्यांना प्रवास फुकट आहे. त्या सवलतीचा फायदा गावी जाताना, फिजिओथेरपीला जाताना नाही.

खाण्याचं म्हणाल तर तांदूळ-गहू कमी लागतात, एवढंच. सोसायटीचा मेंटेनन्स घराचा असतो, डोक्यांचा नाही. शिवाय गुडघे कुरकुरू लागले की पोळ्या आणि बाजारहाट, आजवर घरच्या घरी होणारी ही कामं पगारी होतात.

आता मेडिक्लेम. सगळ्यात मोठी फसगत इथेच आहे. पाच लाखांच्या पॉलिसीत खोलीभाड्याला विम्याच्या रकमेच्या 1 टक्क्याची रोजची मर्यादा आणि 20 टक्के को-पे (मंजूर रकमेतला आपण भरायचा वाटा) आहे असं समजा. म्हणजे रोज 5,000 पर्यंतची खोली. घेतली 8,000 ची, पाच दिवस. खोलीचे 40,000, डॉक्टर, ऑपरेशन थिएटर, नर्सिंगचे 1,20,000, औषधं आणि इम्प्लांटचे 60,000. एकूण 2,20,000. खोलीचे मंजूर 25,000. डॉक्टर, थिएटर, नर्सिंगची रक्कमही त्याच 5/8 प्रमाणात कापली जाते, म्हणून 75,000. औषधं-इम्प्लांटला ही कपात लागत नाही, ते पूर्ण 60,000. बेरीज 1,60,000, त्यातून को-पे 32,000 वजा. हातात 1,28,000, खिशातून 92,000. यातले 60,000 रोज 3,000 जास्तीच्या खोलीमुळे कापले गेले, म्हणून भरती होताना खोलीचा वर्ग आधी पॉलिसीशी ताडून पाहावा.

प्रीमियमचंही तसंच. विमा नियामकाने जानेवारी 2025 मध्ये कंपन्यांनी ज्येष्ठांच्या पॉलिसीवर आपल्याशी सल्लामसलत केल्याशिवाय वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढ करू नये असं ठरवलं. चांगलं झालं, पण दरवर्षी 10 टक्के म्हणजे सात वर्षांत जवळजवळ दुप्पट. सप्टेंबर 2025 मध्ये वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी गेला, तो दिलासा एकदाच मिळाला. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान कार्डावर 5 लाखांचं संरक्षण आहे, तेही मुख्यतः दवाखान्यात भरती झाल्यावरचं.

आणि म्हातारपणाचा खरा खर्च भरतीबाहेरचा. चष्मा, कवळी, कानाचं मशीन, रोजच्या गोळ्या सहसा साध्या पॉलिसीत येत नाहीत. इन्सुलिनच्या 10 मिलीच्या कुपीत मिलीला 40 युनिटच्या ताकदीने 400 युनिट असतात. बहुतेक कुप्या उघडल्यावर 28 दिवसांत संपवायच्या असतात. रोज 10 युनिट घेणाऱ्याचे 280 वापरले जातात, 120 टाकून द्यावे लागतात. हिशेब युनिटचा नव्हे, कुपीचा करायचा. डायपर दिवसाला तीन, म्हणजे महिन्याला 90, दहाच्या नऊ पिशव्या. पाच लिटरचं ऑक्सिजन मशीन साधारण 350 वॉट घेतं. चोवीस तास चाललं तर महिन्याला सुमारे 250 युनिट. 120 युनिट वापरणारं घर 370 वर जातं, महावितरणच्या 300 च्या स्लॅबपलीकडे, म्हणजे तिथले युनिट आणखी महाग. रुग्णाची देखभाल करणारी ब्युरोची मावशी बारा तासांची, म्हणून चोवीस तासांना दोघी. सुट्टीच्या दिवशी बदली, शिवाय चहा-जेवण. या ओळी तक्त्यात नसतात, कारण त्या सुरुवातीला नसतात. एकदा सुरू झाल्या की कधी संपतील, हे मात्र हप्त्यासारखं आधी सांगता येत नाही.

तक्ता करायचाच तर दोनदा करावा : दोघं असताना आणि एक जण राहिल्यावर. केंद्र सरकारी नोकरीत जुन्या पद्धतीची पेन्शन मूळ पगाराच्या 50 टक्के, कौटुंबिक पेन्शन नेहमीच्या दराने 30 टक्के. 40 हजारांची पेन्शन महागाई भत्ता सोडून 24 हजारांवर येते. ईपीएसमध्ये (पीएफशी जोडलेली पेन्शन योजना) विधवेला साधारण निम्मी. मेंटेनन्स आणि विजेचा स्थिर आकार मात्र तेवढाच राहतो, आणि बँकेत जाणं, औषधं आणणं, रात्री उठून पाणी देणं ही गेलेल्या जोडीदाराची कामं आता पगारी माणसाला द्यावी लागतात.