गाडी मिस्टरांची का?

आज सकाळी पेट्रोल भरायला थांबले होते. शेजारी एक भलीमोठी चकचकीत गाडी येऊन उभी राहिली. त्यातून एक काका उतरले, माझ्या गाडीभोवती प्रदक्षिणा घातली, काचेतून आत डोकावले आणि म्हणाले, "मॅडम, एवढ्याशा बाळाला असल्या खटाऱ्यात नेतात का? गाडी मिस्टरांची का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही. गाडी माझी आहे, लग्नाच्या आधीपासूनची. मिस्टरांना तिचा चोक (थंड इंजिन चालू करताना ओढायची मूठ) किती ओढायचा आणि कधी आत ढकलायचा हे अजून जमत नाही, आणि ते तसं कबूलही करतात.

आता खटारा. तुमच्यापैकी निम्म्यांनी तिच्या मागच्या बाकड्यावर गुडघे हनुवटीला टेकवून प्रवास केलाय, त्यामुळे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पन्नाशी ओलांडलेली, दोन कार्बोरेटरची, पॉवर स्टिअरिंग नसलेली स्पोर्ट्स कार. मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर कॉमेंटमध्ये फक्त त्याचाच काथ्याकूट होईल. पण स्पोर्ट्स कार म्हणजे पोरांना मज्जाव, हे कुणी ठरवलं? पोर्शे ९११ च्या मागे दोन चिमुकल्या सीट आहेत. एमजी या ब्रिटिश कंपनीने १९६५ साली आपल्या बी मॉडेलची जीटी नावाची बंद टपाची गाडी काढली, तिच्या मागे बाकडं आहे. त्यावर धडधाकट माणूस मावत नाही, पोरंच मावतात.

गाडी बंद पडली होती त्या दिवसाबद्दल मागे लिहिलं होतं, तरी परत सांगते. घाटाच्या अलीकडे, रस्त्यात चिटपाखरू नाही, लेक सहा महिन्यांची. इंजिन दोनदा आचके देऊन गप्प झालं. चावी फिरवली तर मागून इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या विजेच्या पंपाची टकटक नाही. म्हणजे पंपाचे पॉइंट, त्याला वीज देणारे-तोडणारे संपर्क, चिकटलेले. यावरचा उपाय जुन्या गाड्या वापरणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असतो: पंपाला हलकेच ठोकायचं. पण पाना कुठे, तर डायपरच्या ढिगाखाली कुठेतरी. हाताला लागला तिचा लाकडी खुळखुळा. त्यानेच दोन टोले दिले. टक टक टक टक! आणि आत माझी पोरगी खदाखदा हसली. खुळखुळ्याचा असा उपयोग होतो हे तिला त्या दिवशी कळलं.

असो. काकांकडे येते.

काका, तुम्ही डोकावलात तेव्हा काय पाहिलंत? जुना डॅशबोर्ड, पातळ स्टिअरिंग, फाटकं कव्हर. लेकीची सीट पाहिलीत का? ती पाठमोरी आहे, म्हणजे बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने जड आणि मान कच्ची, म्हणून धडक बसली तर तो झटका सगळ्या पाठीने झेलायला हवा. युरोपातल्या आर १२९ या मुलांच्या सीटच्या नियमात किमान १५ महिने पाठमोरं बसवायचं असं आहे, ते काही गंमत म्हणून नाही. आणि माझ्या गाडीत एअरबॅग नाही, म्हणूनच ती सीट पुढे ठेवता येते. चालू एअरबॅगसमोर पाठमोरी सीट ठेवणं म्हणजे बाळाच्या जिवाशी खेळ.

आयसोफिक्स, म्हणजे बाळाची सीट थेट गाडीला अडकवायच्या कड्या, अर्थातच नाही, ते आलं तेव्हा माझी गाडी म्हातारी झाली होती. म्हणजे सगळी मदार बेल्टवर. मूळचा बेल्ट सीटला वेढा घालायला तोकडा पडत होता. तो काढून लांब पट्ट्याचे, आपोआप गुंडाळणारे तीन-बिंदू बेल्ट बसवले. हा तीन-बिंदू बेल्ट १९५९ साली व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी आणला आणि कंपनीने पेटंट सगळ्यांना खुलं केलं. त्या माणसाला मी दर वेळी बकल लावताना मनात नमस्कार करते. बेल्टच्याही आधी पत्रा बघितला. बोल्ट ज्या पत्र्यात बसतो तोच गंजाने खाल्लेला असेल तर बेल्ट नुसता शोभेचा. एका बाजूचा कुजलेला निघाला. कापून नवा जोडून घेतला, तोवर चार महिने पोरीला या गाडीत पाऊल ठेवू दिलं नाही. पेट्रोलचे रबरी पाइप सगळे बदलले, कारण इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुनं रबर खातं. डिकीची रबरपट्टी बदलली, धूर आत यायला नको म्हणून. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म लावला. फेरी अर्ध्या तासाची, काचा वर, वेग बैलगाडीचा.

हो, नव्या गाडीइतकी ही सुरक्षित नाही. बाजूने कुणी ठोकलं तर दारात नुसता पत्रा आहे. मान्य. पुढे चला.

आणि हेही लिहून टाकते, कारण आता राग जरा उतरलाय. त्या दिवशी पंप चालू झाल्यावर मी हसले खरी, पण घरी येऊन गाडी लावली आणि तिला घेऊन बराच वेळ तशीच बसून राहिले. हात थरथरत होते. त्यानंतर घाटाकडे तिला नेलेलं नाही. तिथे मोबाइलला रेंज नव्हती, हे कुणाला सांगितलंच नव्हतं. आईला तर नाहीच. (आई, वाचत असशील तर फोन करू नकोस, मीच करते.)

पण मग मला बर्था बेंझ आठवते, मोटार बनवणाऱ्या कार्ल बेंझची बायको. १८८८ च्या ऑगस्टमध्ये नवऱ्याला न सांगता त्याचीच मोटार काढून, दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला गेली. शंभरावर किलोमीटर. इंधनाची नळी तुंबली तर टोपीच्या पिनेने मोकळी केली म्हणतात. तिची पोरं मोठी होती, १५ आणि १३ वर्षांची, ठाऊक आहे मला. तरीही. तिची पिन, माझा खुळखुळा. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास एका आईने पोरांसकट केला, आणि मला विचारतात गाडी मिस्टरांची का!

आता खरं सलतंय ते. काकांच्या गाडीत पुढच्या सीटवर त्यांची सूनबाई होती की लेक, कुणास ठाऊक. तिच्या मांडीवर वर्षाचं पोर. बेल्ट तिला होता, पोराला नव्हता. समोर एअरबॅग, जी पापणी लवायच्या आत फुटते. मी ते पाहिलं होतं. आणि बोलले काय, तर "काका, खटारा तुमच्या नजरेत आहे." पेट्रोल भरणारा मुलगा हसला, काका गोरेमोरे झाले, मी ऐटीत चोक ओढून निघाले.

त्या मुलीला एक वाक्य सांगायचं होतं. पोराला मागे बसव, सीटमध्ये. ते राहिलं. भांडण तेवढं जिंकले.

उद्या त्याच वेळी परत तिथे जाणार आहे. टाकी भरलेलीच आहे, हवा बघून घेईन.