किड्यांची वहिनी

आमच्या वाड्यावर ताप आला तर डॉक्टर, पंप बिघडला तर मेकॅनिक आणि न्हाणीत सहा पायांचं काही निघालं तर मी, अशी कामाची वाटणी आहे. ही नेमणूक मी मागितली नव्हती. परसातल्या तगरीवर एक गलेलठ्ठ हिरवी अळी होती, मानेमागे दोन निळे डोळे रंगवलेले. ते डोळे खोटे. खरे डोळे इतके बारीक की शोधावे लागतात. ते शोधत मी उकिडवी बसले होते, तेवढ्यात शेजारच्या काकूंनी गडग्यावरून पाहिलं. संध्याकाळपर्यंत मी ‘किड्यांची वहिनी’ झाले.

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं आमचं घर कुळागराला, म्हणजे बागायतीला, लागून. वर माड, मध्ये पोफळी, पोफळींवर चढलेल्या मिरवेली, खाली केळी आणि अननस. पावसाळ्यात इथे माणसं पाहुणी, राहणारे किडे. त्यामुळे गिऱ्हाइकांना तोटा नाही. त्यांचे प्रश्न मात्र दोनच: ‘चावतं का?’ आणि ‘काय मारायचं?’ बहुतेक वेळा दुसऱ्याचं उत्तर आधीच चपलेने दिलेलं असतं. मग कागदाच्या पुडीत एक पंख, दीड पाय आणि थोडा चिखल घेऊन माणूस दारात उभा राहतो आणि म्हणतो, “हें कितें गो?” पंचनाम्याला बोलावलेल्या साक्षीदारासारखी मी ओळख पटवायचा प्रयत्न करते.

जिवंत असेल तर फोटो येतो. फोटोत टॉवेलचा धागा न् धागा मोजता येतो आणि टॉवेलवर एक तपकिरी धूर बसलेला असतो. आजवर नावं मिळालेले कीटक दहा लाखांच्या घरात, त्यांतले चारेक लाख नुसते भुंगेरे. त्यांतला हा धूर कुठला, ते मी जेवायच्या आत सांगायचं असतं.

मी साधे प्रश्न विचारून पाहते. एकदा काकू ‘गांधीलमाशी, गांधीलमाशी’ करत आल्या. मी विचारलं, “पंख दोन होते की चार?” प्रश्न रास्त होता. गांधीलमाशीला चार पंख असतात. पण कितीतरी निरुपद्रवी माश्या काळेपिवळे पट्टे अंगावर घेऊन तिच्या नावावर जगतात, त्यांना दोनच.

“मी धावत होते गो,” काकू म्हणाल्या. “मोजत नव्हते.”

खरी पंचाईत हीच. लोकांना छातीठोक उत्तर हवं, आणि किडे जन्मजात लबाड. हुमल्यांचंच घ्या. आंब्याची पानं शिवून घरटं करणाऱ्या या तांबड्या मुंग्या आमच्याकडे पोराटोरांना चावून ठाऊक असतात. पण त्यांच्या आसपास एखादा हुमला जरा अडखळत चालतो. त्याला काडीने डिवचा, तो धागा सोडून खाली लोंबकळतो. तो कोळी! आठांपैकी पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरून मुंगी झालेला. हे मी उत्साहाने दिराला दाखवलं. तो म्हणाला, “मग कोळी चावतो का?”

बरं, जाणकारांकडे जावं तर तिथे दुसरी तऱ्हा. एका पतंगाचा फोटो वरून, बाजूने, मिशांसकट काढून पाठवला. उत्तर आलं: जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय जात सांगता येणार नाही. पुष्कळ पतंगांच्या बाबतीत ते अगदी खरंही आहे. पण ओसरीवर सासूबाई आणि चार बायका वाट बघत बसलेल्या. “काय म्हणतात तुझे शहाणे?” मी म्हटलं, “कपड्यांवरून ओळखू नये म्हणतात.”

जुलैच्या अखेरच्या आठवड्यात पतंग सप्ताह असतो. २०१२ साली अमेरिकेत सुरू झाला, आता जगभर करतात. रात्री पांढरी चादर टांगायची, मागे दिवा लावायचा आणि येतील त्या पतंगांची नोंद करायची. हे ठरवणाऱ्यांनी गोव्यातला जुलै पाहिलेला नसावा. चादर भिजून अंगाला चिकटली, छत्री माझ्याऐवजी दिव्यावर धरावी लागली, आणि वाड्यावरची पोरं पाट घेऊन आली. त्यांना वाटलं सिनेमा आहे.

चवथीला मात्र किडे मानाने घरात येतात. गणपतीवर माटोळी, म्हणजे फळापानांनी सजवलेली लाकडी चौकट, बांधायची म्हणजे रानातली कांगलां, घागऱ्यो, कुळागरातली सुपारीची शिपटी, नारळांचा घड, पानांसकट तोरिंजन, ते लिंबाच्या कुळातलं मोठं फळ. यंदा गणपतीची आरती संपून शंकराची सुरू झाली होती. तोरिंजनाच्या पानावरून एक हिरवी अळी टपकन तबकाशेजारी पडली. दिराने तिला दूर्वेने ढोसलं. तिने डोक्यामागून लाल दुभंगी शिंगं बाहेर काढली आणि उग्र वास सोडला.

“नाग!” मुंबईहून आलेल्या काकांनी टाळ्या सोडून हात जोडले. शंकराच्या आरतीला नाग म्हटल्यावर आत्येही कळवळल्या.

मी सांगितलं की नाग नव्हे, फुलपाखराची अळी, शिंगं पक्ष्यांना भेवडावायला. “कुठलं फुलपाखरू?” लिंबाच्या कुळातल्या झाडांवर लाइम बटरफ्लाय, कॉमन मॉर्मन आणि ब्लू मॉर्मन या तिघांच्या अळ्या आलटून पालटून दिसतात, आणि मोठेपणी तिन्ही हिरव्या. ब्लू मॉर्मन महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू, हे ऐकताच काका म्हणाले, “मग ते आमचंच.” लोणच्याच्या धुतलेल्या बरणीत अळीची सोय झाली. सासूबाई दूर्वा खुडताना तिच्यासाठी लिंबाची कोवळी पानं आणू लागल्या. तिने काडीला धाग्याने कंबर बांधून कोष केला, गणपतीचं विसर्जन झालं, पाहुणे पांगले. काका रोज फोन करत. माझी चौकशी कधी केली नाही.

शेवटी ती बाहेर आली: काळी, मागच्या पंखांवर पांढरा डाग, कडेला लाल चंद्रकोरी. मी फोटो पाठवला, ‘कॉमन मॉर्मन, मादी.’ काकांनी तो फोनमधल्या कसल्याशा अ‍ॅपला दाखवला. अ‍ॅप म्हणालं, कॉमन रोज.

मी समजावलं. कॉमन रोजची अळी विषारी वेल खाते, म्हणून पक्षी त्या फुलपाखराच्या वाटेला जात नाहीत. मॉर्मनच्या काही माद्या तिचंच सोंग घेतात, काही नरासारख्या दिसतात. असल्या निरनिराळ्या रूपांच्या माद्या एकाच जातीच्या, हे आल्फ्रेड रसेल वॉलेस या ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञाने १८६५ सालीच मांडलंय. रोजचं अंग लाल, हिचं काळं.

“म्हणजे आधी नाग नव्हे म्हणालीस,” काका म्हणाले, “मग महाराष्ट्राचं असेल म्हणालीस, आता दिसतं रोज पण आहे मॉर्मन. बाय, ठाऊक नाही तर तसं सांग. आम्ही काय परके?”

सासूबाईंनी माझ्या हातातला फोन घेतला. “भावोजी, अंग काळंच आहे, मी चष्मा लावून बघितलंय. त्याला पानं घातली ती मी. तुमच्या यंत्राने एक तरी पान घातलं का?”