ग्रॅनोलाची वडी आणि गुळाचा हिशेब: एका काकूंच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काकू,

सकाळच्या घाईसाठी घरी करायच्या ग्रॅनोला बारची, म्हणजे भाजलेले ओट्स आणि दाणे गुळाच्या पाकात घालून केलेल्या वडीची, कृती मी मागं लिहिली, त्यावर तुमची सविस्तर प्रतिक्रिया आली. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. एक, ही आपली चिक्कीच आहे, बारसं फक्त इंग्रजीत केलंय. दोन, अडीचशे ग्रॅम गूळ, वर शंभर ग्रॅम मध घालून त्याला ‘हेल्दी’ म्हणणं ही फसवणूक आहे. तीन, मी ‘छान पिवळाधमक गूळ घ्या’ असं लिहिलं, ते वाचून गुऱ्हाळाच्या घरात वाढलेल्या तुम्हाला राग आला. आणि चार, शाळेला निघालेल्या पोरांच्या हातात वडी टेकवणं हा आळस आहे. तुम्ही पहाटे पाचला उठून भाकरी थापायचात.

दुसऱ्या आणि तिसऱ्या मुद्द्यावर तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. पहिल्यावर अर्धं. चौथ्यावर मात्र मला भांडायचं आहे.

साखरेपासून सुरू करते, कारण तुमचं वाचून झाल्यावर मी त्याच रात्री वही घेऊन बसले. जुन्या कृतीत २५० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम मध आणि त्याच्या १४ वड्या. गुळातलं पाणी आणि क्षार, मधातलं पाणी वजा केलं तरी एका वडीत साधारण २१ ग्रॅम साखर निघाली. जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ सालची शिफारस अशी आहे, की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत ठेवता आली तर जास्त चांगलं. या हिशेबात मध धरतात आणि गूळही. दिवसाला १५०० कॅलरी लागणाऱ्या मुलासाठी १० टक्के म्हणजे ३७ ग्रॅम, ५ टक्के म्हणजे १९. माझा धाकटा सकाळी दोन वड्या खायचा. म्हणजे ४२ ग्रॅम. सात वाजायच्या आत त्याची अख्ख्या दिवसाची साखर संपलेली असायची, आणि ती त्याच्या पोटात मीच, मोठ्या समाधानानं घालत होते.

गुळातून लोह मिळतं, असंही मी लिहिलं होतं. मिळतं, पण वडीतल्या चमचाभर गुळातून ते एक मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही. लोहासाठी गूळ खायचा म्हटलं तर साखरच फार जाईल. ते वाक्य मी काढून टाकलं आहे.

गूळ कमी करायचा ठरवला खरा, पण पुढचा घाणा पार मोडला. सुरी लावली की वडीचा भुगा. पाक हा वडीचा डिंक असतो. तो अर्ध्यावर आणला तर धरून ठेवणारं दुसरं काहीतरी द्यावंच लागतं. तीन रविवार त्यात गेले. शेवटी जमलं ते असं.

१२५ ग्रॅम ओट्स कोरडेच कढईत मंद आचेवर भाजायचे, खमंग वास येऊन हाताला कुरकुरीत लागेपर्यंत. शेंगदाणे १०० ग्रॅम भाजून सालं पाखडायची. त्यातले ४० ग्रॅम जाडसर कुटायचे आणि उरलेले ६० ग्रॅम मिक्सरमध्ये तेल सुटून गोळा होईपर्यंत फिरवायचे. सगळी युक्ती या गोळ्यात आहे. कूट कोरडं असतं, ते पाक पिऊन टाकतं. तेल सुटलेला गोळा उलट चिकटवायला मदत करतो. मग ५० ग्रॅम तीळ, २५ ग्रॅम जवस, ५० ग्रॅम डाळं आणि ५० ग्रॅम राजगिऱ्याच्या लाह्या. तीळ आणि जवस वेगवेगळे भाजा, दोन्ही एकत्र टाकले तर तीळ जळतात आणि जवस कच्चा राहतो. ७५ ग्रॅम खजूर बिया काढून बारीक चिरायचा.

पाकाला फक्त १३० ग्रॅम गूळ, दोन चमचे पाणी आणि एक मोठा चमचा तूप. गूळ विरघळून फेस आला की वाटीभर गार पाण्यात थेंब टाकून बघायचा. बोटात मऊ गोळी वळली, की गॅस बंद. हा गोळीबंद पाक, साधारण ११५ अंशांचा. त्याच्या पुढं गेला आणि ताटलीवर टाकल्यावर टण्ण वाजायला लागला, की ती चिक्की झाली. शेंगदाण्याचा गोळा आधी या पाकात फेटायचा, मग खजूर, मग कोरडं सगळं, आणि लाह्या सर्वांत शेवटी, नाहीतर त्या मऊ पडतात. तूप लावलेल्या ताटात ओतून वाटीच्या बुडानं जोर लावून दाबायचं. हलक्या हातानं थापलेली वडी हमखास मोडते. गरम असतानाच १६ वड्यांच्या रेघा पाडायच्या, पण सोडवायच्या पूर्ण गार झाल्यावर, दोन तास तरी थांबून.

आता एका वडीत ८ ग्रॅम गूळ येतो, म्हणजे साखर जवळपास ७ ग्रॅम. पूर्वीच्या एक तृतीयांश. त्याशिवाय गोडी आहे ती खजुराच्या तुकड्यांची. प्रथिनं साडेचार ग्रॅमच्या आसपास, कॅलरी १६५ च्या जवळ. मध पूर्ण काढला. त्यानं साखर कमी झालीच, शिवाय ज्या घरात वर्षाच्या आतलं बाळ आहे तिथं मोठ्या भावंडाच्या हातून चुकून मधाचा घास त्याच्या तोंडी जायचा धोकाही गेला. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी करणार असाल तर शेंगदाणे जाडसरसुद्धा ठेवू नका, सगळे वाटूनच घ्या. दाणा घशात अडकतो. वडी दाताला चिकटते, म्हणून वर दोन घोट पाणी प्यायला लावा.

मग आता हिला ‘हेल्दी’ म्हणू का? मी शीर्षकातून तो शब्द काढला आहे. त्या जागी वजनं आणि आकडे लिहिलेत, ज्याचं त्यानं ठरवावं. दुकानातला बार घेतानाही हेच बघा, एवढं मात्र सगळ्यांना सांगते: पाकिटाच्या मागं घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहिलेले असतात. पहिल्या तीनांत साखर, ग्लुकोज सिरप किंवा इन्व्हर्ट सिरप दिसलं, तर पुढच्या बाजूला कितीही ओंब्या काढलेल्या असोत, तो साखरेचाच बार.

आता गुळाचं. काकू, कोल्हापुरात राहून मी ‘पिवळाधमक’ लिहिलं, हे तुम्हाला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि इथल्याच बाईनं गुळाची पारख रंगावरून सांगावी! लहानपणी मामाच्या गावी गुऱ्हाळ लागलं की आम्ही पोरं चुलवाणापासून हलायचो नाही. चुलवाणात चिपाडं पेटलेली, काईलीत रस उकळतोय, त्यात भेंडीच्या दांड्यांचा चिकट रस पडला की मळी वर यायची आणि मोठ्या झाऱ्यानं ती काढली जायची. त्या गुळाचा रंग तांबूस-तपकिरी असायचा. हे डोळ्यांनी बघितलेलं असूनही, बाजारात गेल्यावर माझा हात सोनेरी ढेपेकडेच गेला. रंग उजळ करायला हायड्रोस पावडर घालतात आणि गिऱ्हाइकाला पिवळं आवडतं म्हणूनच घालतात, हे तुम्ही लिहिलंत ते अगदी खरं. म्हणजे त्यात माझ्यासारख्या गिऱ्हाइकाचाही हात आहे. आता मी शाहूपुरीत जाते तेव्हा काळपट, तांबूस, बिनहायड्रोसचा गूळ मागून घेते. तो चवीला थोडा खारट-खमंग लागतो आणि शेंगदाण्याबरोबर फार छान जमतो. चिक्कीचा गूळ मात्र या वडीला नको. तो जास्त चिवट आहे, दातात ताणतो.

या गुळाचा एक स्वभाव सांभाळावा लागतो. गूळ हवेतलं पाणी ओढतो. मे महिन्यात ही वडी स्टीलच्या डब्यात दहा दिवस खुटखुटीत राहते, पण आपल्याकडं जून संपता संपता पावसाची झड लागली, की तिसऱ्या दिवशी पाझरायला लागते. म्हणून पावसाळ्यात अर्धाच घाणा करा, प्रत्येक वडी बटर पेपरात गुंडाळा आणि डबा फ्रिजमध्ये ठेवा.

चिक्कीचं बारसं इंग्रजीत केलं, यावर अर्धं मान्य म्हणाले ते यासाठी. ग्रॅनोला हे नाव अमेरिकेतलं. १८६३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिल इथं जेम्स कॅलेब जॅक्सन यांनी त्यांच्या आरोग्यधामात जाडसर पिठाचे भाजून तोडलेले तुकडे ‘ग्रॅन्युला’ म्हणून द्यायला सुरुवात केली. ते इतके टणक होते, की रात्रभर दुधात भिजवावे लागत. पुढं जॉन हार्वी केलॉग यांनी तसलाच पदार्थ काढला आणि त्याचं नाव झालं ग्रॅनोला. त्याची वडी व्हायला आणखी पुष्कळ वर्षं गेली. आपली राजगिऱ्याची वडी कुणाकडून शिकून आलेली नाही, हे तुमचं म्हणणं मला मनापासून पटतं. पण चिक्की कडक पाकाची, ही मऊ पाकाची. चिक्कीत गूळ आणि दाणे जवळजवळ बरोबरीनं, हिच्यात गूळ पाचव्या हिश्श्याच्या आसपास. माझ्या घरात तिला कुणी ग्रॅनोला म्हणतही नाही. ‘आई, वडी दे,’ एवढंच. ओट्स नको असतील तर तेवढ्याच वजनाचे ज्वारीचे पोहे घाला, मीही आलटून पालटून घालते.

आणि आळस. काकू, हा शब्द मला झोंबला, खोटं कशाला बोलू. आमच्या फुलेवाडीच्या घरी रिक्षावाले मामा पावणेसातला हॉर्न देतात. मला आठच्या पाळीला गोकुळ शिरगावला पोहोचायचं असतं, म्हणजे शहराच्या या टोकापासून पार त्या टोकाला. सासूबाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, त्यांना सकाळी आधार लागतो. पाचला मीही उठते. दोन डबे भरते, भाजी-पोळीचे. ते मधल्या सुट्टीत खाल्ले जातात, साडेनऊला. प्रश्न आहे तो पावणेसात ते साडेनऊ या वेळेचा. थोरलीला उठल्या उठल्या गिळवत नाही. उप्पीट, धपाटे, थालीपीठ सगळं करून बघितलं. ताट तसंच राहायचं आणि पोरगी उपाशी जायची. एकदा प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन खाली बसली. त्या दिवशी शाळेतून फोन आला तेव्हा मी मशिनवर होते. त्यानंतरच्या रविवारी मी पहिल्यांदा या वड्या केल्या.

आता ती कपभर दूध उभ्यानं पिते आणि वडी रिक्षात खाते. धाकट्याला एकच वडी, दुसरी मागितली तर केळं. सुट्टीच्या दिवशी वडीचा डबा उघडायचाच नाही, त्या दिवशी ताटात गरम भाकरी आणि लोणी. वडी भाकरीची जागा घेते असं मी म्हणणार नाही. ती घेते फक्त रिकाम्या पोटाची जागा. रविवारी दुपारी दोन तास कढईसमोर उभं राहून भाजावं लागतं, तेव्हा सोमवारची ती पाच मिनिटं मिळतात. तुम्ही पहाटे थापलेल्या भाकरीत जी माया होती, तिला मी हात जोडते. तीच माया माझ्याकडं रविवारी दुपारी असते.

तुमच्या प्रतिक्रियेच्या शेवटी एक ओळ होती, तुमच्या आजी ज्वारीच्या लाह्या काकवीत घोळून वड्या करायच्या, आणि त्या महिनाभर टिकायच्या. मला ते करून बघायचं आहे. काकवी पातळ असते, ती आटवून किती घट्ट करायची, आणि लाह्या गरम काकवीत घालायच्या की कोमट, तेवढं लिहा. काकवीची बाटली आणून ठेवलीय. पुढचा घाणा या रविवारी आहे.