सिंकखालचं दार आधी उघडा

आमच्या सिंकला क्रशर, म्हणजे खरकटं दळून पाण्याबरोबर पाइपात सोडणारं मशीन, बसवून सव्वादोन वर्षं झाली. तेवढ्यात निदान दहा जणींनी विचारलं असेल, "घेऊ का गं?" दर वेळी फोनवर तीच टेप लावून कंटाळले, म्हणून इथे एकदाच लिहून टाकते.

मशीन चांगलं आहे. माझं भांडण मशीनशी नाही, मशीनच्या पुढे जो पाइप असतो त्याच्याशी आहे. दुकानात मशीन फिरवून दाखवतात, पाइप तुमचा तुम्ही बघायचा असतो. आम्ही बघितला नव्हता.

हे वेड लागलं न्यू जर्सीत, बहिणीकडे. जेवणं झाली की ताटातलं खरकटं थेट सिंकमध्ये, नळ सुरू, बटण दाबलं की घर्रर्र, आणि सिंक लख्ख. मी तर पहिला आठवडा केवळ बटण दाबायला मिळावं म्हणून भांडी घासत होते. त्यांच्याकडे हे आजचं नाही. विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावात जॉन हॅम्स नावाच्या आर्किटेक्टने १९२७ साली हे यंत्र जुळवलं आणि १९३५ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. गंमत म्हणजे त्याच अमेरिकेत न्यूयॉर्क शहराच्या बऱ्याचशा भागात १९९७ पर्यंत घरगुती क्रशरला बंदी होती. कारण काय, तर जुन्या गटारांना हा भार झेपायचा नाही. हे मी वाचलं मशीन घरी आल्यावर. आधी वाचलं असतं तर आमच्या तीस वर्षांच्या सोसायटीच्या ड्रेनेजकडे निदान एकदा मान वळवून बघितलं असतं.

बसवायच्या दिवसापासून सुरुवात करते. मशीनच्या कॉलरला सिंकचं भोक साडेतीन इंच, म्हणजे ९० मिलिमीटर लागतं. आमचं त्याहून मोठं निघालं. मग अ‍ॅडॅप्टरसाठी नवरा रविवार पेठेत. तोवर प्लंबर दोन चहा पिऊन बसलेला. सिंक पातळ पत्र्याचं असेल तर आणखी एक विचार करा: पाच-सहा किलोचं ओझं त्याच भोकाला लटकणार आणि वर थरथरणार. ओट्याखाली लाइटचा पॉइंट नव्हता, तो ओढून घेतला. अर्थिंग तपासून घ्या, यात काटकसर नको. पाण्याजवळची वस्तू आहे, आणि बटण आपण ओल्या हातानेच दाबतो. आमचं बटण सिंकपासून हात लांब करून गाठावं लागेल असं मुद्दाम ठेवलंय.

खरा घोळ पुढे. आपल्याकडे सिंकखाली तो पांढरा पन्हळीचा पाइप असतो ना, ताणला की लांब होणारा? तो काढाच. प्रत्येक वळीत चोथा बसतो आणि चार दिवसांत वास मारतो. गुळगुळीत पीव्हीसी पाइप लावा, उतार ठेवून. इथपर्यंत आम्ही शहाणे होतो. पण भिंतीतलं पाइपाचं तोंड मशीनच्या तोंडापेक्षा दोन बोटं वर आहे, हे सगळं जोडून झाल्यावर लक्षात आलं. पाणी वर चढणार कसं? मशीनमध्ये कायम एक घोट शिळं पाणी साचून राहायचं. शेवटी टाइल फोडली. तशा टाइल आता मिळत नाहीत, त्यामुळे सिंकखाली दोन टाइल वेगळ्या रंगाच्या आहेत. पाहुण्यांना दिसत नाहीत, मला रोज दिसतात.

आत पाती असतात असा सगळ्यांचा समज असतो. मिक्सरसारखी पाती नसतातच. एक तबकडी गरगर फिरते, तिच्यावरचे बोथट लोखंडी दांडू खरकटं कडेला भिरकावतात आणि कडेच्या खरबरीत कड्यावर ते किसलं जातं. म्हणून गाजराचे तुकडे सहज जातात आणि शेवग्याच्या शेंगेचा चोथा जात नाही. धागा किसला जात नाही, तो गुंडाळला जातो. कोथिंबिरीच्या काड्या, अळूची देठं, मक्याच्या कणसाची सालं, नारळाची शेंडी, सगळी याच जातीची. कांद्याचं पापुद्र्यासारखं टरफल तबकडीखाली जाऊन चिकटतं. आंब्याच्या कोयीबद्दल तर विचारूच नका. थोडक्यात, मराठी स्वयंपाकघरातला निम्मा ओला कचरा या मशीनला चालत नाही. हे माहितीपत्रकात नसतं, कारण ते लिहिणाऱ्याने शेवग्याची आमटी खाल्लेली नसते.

आणि मग आली आषाढी एकादशी.

घरी पंधरा माणसं फराळाला. दीड किलो बटाट्यांची सालं मी हौसेने एकदम सिंकमध्ये ढकलली. वरून भिजवून उरलेला वाटीभर साबुदाणा. मशीनने तक्रार केली नाही, सगळं गिळलं. दुपारी चारला खालच्या मजल्यावरच्या काकू दारात. "अगं, माझ्या सिंकमधून काहीतरी वर येतंय. साबुदाण्यासारखं दिसतंय." साबुदाणाच होता. आमच्या डक्टमध्ये सगळ्या मजल्यांची उभी लाइन एकच. प्लंबरने खालचं चेंबर उघडून जे काढलं ते बघून मला आजी आठवली, तिची कॉटनच्या साड्यांना लावायची खळ. बटाट्याचा स्टार्च आणि साबुदाणा, दोन्ही बारीक वाटून, पाण्यात कालवून मी लाइनभर खळ घातली होती. काकूंचा उपवास, त्यांचा ओटा घाण, आणि मी फडकं घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात. त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हापासून आमच्याकडे शिस्त आहे. आधी नळ, मग बटण, मग खरकटं, तेही मूठमूठ. आवाज मोकळा झाला तरी वीस सेकंद पाणी चालू. पाणी गारच. गरम पाण्याने तुपातेलाचा ओशटपणा वितळून पुढे जातो आणि पाइपात गार होऊन थिजतो. कढईतलं तेल तर टाकायचंच नाही. वास आला तर बर्फाचे खडे आणि पिळलेल्या लिंबाची सालं फिरवते, कड्याला चिकटलेलं निघून येतं. ड्रेन साफ करायची जहाल पावडर यात घालू नका, रबर आणि धातू दोन्ही खाते.

एकदा मशीन नुसतं हूं करून बंद पडलं. मसाल्याच्या डब्यातला छोटा चमचा आत गेला होता. कंपनीचा माणूस चार दिवसांनी येणार होता. बहिणीने व्हिडिओ कॉलवर दाखवलं: आधी प्लग काढ. मग बुडाला मधोमध एक षट्कोनी खाच आहे, त्यात सोबत आलेली अ‍ॅलन की घालून मागेपुढे फिरव. फिरलं! चमचा चिमट्याने काढला, बुडाचं लाल रीसेट बटण दाबलं, मशीन सुरू. ती की आता सिंकच्या दारालाच आतून टेपने चिकटवली आहे. हात आत घालायचा नाही, प्लग काढलेला असला तरी नाही.

विजेचं विचाराल तर रोज दोन मिनिटं चालवून महिन्याला अर्धा युनिटही होत नाही. पाण्याचं मात्र लागतं मनाला. बादली लावून मोजलं, आमच्या नळाला मिनिटाला सहा लिटर. एप्रिल-मेमध्ये सोसायटीत टँकर येतात तेव्हा मी मशीनचा प्लगच काढून ठेवते.

आता जरा नावडतं बोलते. पुण्यात ओला कचरा दारातून वेगळा नेला जातो. त्याचं खत होऊ शकतं, गॅस होऊ शकतो. तोच कचरा दळून आपण सांडपाण्यात सोडतो, म्हणजे तो साफ करायचं काम मैलापाणी केंद्रावर ढकलतो. स्वीडनमध्ये सुराहामार गावात पालिकेनेच क्रशरला उत्तेजन दिलं, पण तिथे पलीकडच्या टोकाला गाळापासून बायोगॅस करायची सोय होती. आपल्या मुठेच्या टोकाला काय आहे ते पुलावरून जाताना नाकाला कळतं. सोसायटीचा स्वतःचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी साफ करायचा प्लँट, असेल तर घेण्याआधी कमिटीला विचारा, प्रत्येक फ्लॅटने बसवला तर तो कोलमडेल.

म्हणून आमच्या क्रशरला आता काम उरलंय ते पूर्वी सिंकच्या जाळीत अडकायचं तेवढ्याच खरकट्याचं. सासूबाईंची कंबर धरते, त्यांना वाकून ती बुळबुळीत जाळी उचलायला नको, एवढ्यासाठी मला तो हवा आहे. सालं-देठं पुन्हा डब्यात जातात. पहिल्या महिन्यात कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनी विचारलं होतं, "गावाला गेला होतात का? ओलं काहीच नाही तुमचं." परवा डबा उचलताना म्हणाल्या, "आलात वाटतं परत."