सुपरमॅनच्या लाल चड्डीची बाजू

'पँटवरून चड्डी घालणारा हिरो' हा विनोद शाळेत असल्यापासून ऐकतोय, आता घरातली पोरंही तोच मारतात. पुरे झाला. मी लाल चड्डीच्या बाजूने आहे, आणि थट्टेने नाही, मनापासून.

१९३८ साली जेरी सिगल आणि जो शुस्टर यांनी सुपरमॅन आणला, तेव्हा सर्कशीत ताकदीचे खेळ करणारे गडी अंगाला घट्ट कपडे आणि वरून चड्डी घालूनच लोकांपुढे यायचे. तो वेश दिसला की गडी ताकदीचा आहे हे सांगावं लागत नसे. म्हणजे हा वेश मुळातच खेळ करून दाखवणाऱ्याचा. तो घरात, ऑफिसात, बाजारात शोभत नाही म्हणून नावं ठेवण्यात काय अर्थ आहे?

आमच्या सिंधुदुर्गात ज्यांनी रात्र रात्र बसून धयकालो, म्हणजे दशावतारी नाटक, बघितलाय त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागू नये. जत्रेला कधी रंगपटात डोकावून बघा. जो तो आपापल्या ट्रंकेपुढे बसून एवढ्याशा आरशात बघत स्वतःचा चेहरा स्वतःच रंगवत असतो. कपाळावरची रेघ ओढताना श्वास रोखलेला, बाजूला चहा गार होत असतो. त्यातला कोण दिवसा रिक्षा चालवतो, कोण कलमांच्या बागेत राबतो, हे पुढे बसलेल्या पोरांनाही ठाऊक असतं. पण पखवाज आणि झांज वाजली, तो मुकुट चढवून देवळापुढे आला की तो विष्णूच. मुकुटाची चकाकी कसली आहे यावरून कोणी हसत नाही, कारण घालणाऱ्यालाच त्याची लाज नसते. उद्या एखादा शहाणा म्हणाला, दशावतारातल्या संकासुर राक्षसाचा काळा वेश जुना झाला, त्याला लेदर जॅकेट देऊया, तर म्हातारे एवढंच विचारतील, "मगे नाटक कित्याक करतास?"

हॉलिवूडवाल्यांचं घोडं नेमकं या लाजेपाशी अडलं. २००० सालच्या 'एक्स-मेन'मध्ये सगळ्यांना काळं लेदर चढवलं आणि वर कॉमिक्समधल्या पिवळ्या पोशाखाची टिंगल करणारा संवादही टाकला. शेवटी २०२४ मध्ये त्यातला वूल्व्हरीन, ह्यू जॅकमन, तोच पिवळा घालून आला आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. सुपरमॅनचंही तेच. २०११ मध्ये कॉमिक्समधून चड्डी गेली, २०१३ च्या 'मॅन ऑफ स्टील'मध्ये हेन्री कॅव्हिललाही मिळाली नाही. माणूस देखणा, अंगकाठी जबरदस्त, पण निळाही काळपट आणि लालही मळका. आकाशातून उतरला तर पोरं आधी घरात पळतील.

आणि हाच मुद्दा २०२५ च्या सुपरमॅनला पटला. चड्डी ठेवावी की नाही यावर दिग्दर्शक जेम्स गन यांचं मन डळमळत होतं, तेव्हा सुपरमॅन झालेल्या डेव्हिड कोरेन्स्वेटचं म्हणणं असं पडलं की, डोळ्यांतून किरण सोडणाऱ्या परग्रहावरच्या माणसाला पोरांनी भिऊ नये असं वाटत असेल, तर तो असाच रंगीत वेश घालेल. आपल्या वेशाचं कारण पात्राच्या स्वभावात शोधणारा नट मला आवडतो. १९७८ मध्ये क्रिस्टोफर रीव्हनेही दुसरं काय केलं? क्लार्क केंट, म्हणजे सुपरमॅनचं साध्या माणसाचं रूप, म्हणून खांदे पाडून, आवाज बदलून वावरला, आणि निळ्या-लाल कपड्यांत असा ताठ उभा राहिला की चड्डीकडे बघून हसायची कोणाची छाती झाली नाही.

टाक्याला टाका जुळवा असं मात्र माझं म्हणणं नाही. १९८९ च्या बॅटमॅनमध्ये मायकेल कीटनला त्या टोपामुळे मानसुद्धा वळवता येत नव्हती, तशी निष्ठा काय कामाची? कापड बदला, शिवण बदला, नटाला हातपाय हलवू द्या. रंग आणि लांबून दिसणारा आकार तेवढे राहू द्या, कारण पोरं ते खडूने भिंतीवर काढतात.

आता २०२५ च्या वेशात मला खटकली ती उंच कॉलर. आणि अंगभर त्या उगाचच्या रेघा. रीव्हच्या अंगावर नुसतं साधं कापड होतं, त्याचं काही अडलं नाही. चड्डी परत आणलीच होती, तर कॉलर कोणाच्या सांगण्यावरून लावली देव जाणे.